विमान उद्याही येईल का?

१५ जून २०२३ रोजी सोलापुरात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी पाडण्यात आली. सुमारे नव्वद मीटर उंचीचा तो मनोरा काही क्षणांत जमीनदोस्त झाला. विमानाच्या वाटेत ती चिमणी आडवी येते, असे शहरातील एका पक्षाचे म्हणणे होते. कारखान्याच्या सभासद शेतकऱ्यांना ती उभी राहायला हवी होती. वाद वर्षानुवर्षे चालला आणि अखेर चिमणी पडली. त्यानंतर होटगी रस्त्यावरच्या त्या धावपट्टीवरून पहिले नियमित प्रवासी विमान उडायला ९ जून २०२५ उजाडला, तेही गोव्याचे. मुंबईच्या विमानासाठी सोलापूरकरांना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले.

चिमणी पाडणे योग्य की अयोग्य, या वादात मला शिरायचे नाही. मला आठवतो तो या सगळ्या काळात पुन्हा पुन्हा विचारला गेलेला प्रश्न: ‘विमान केव्हा सुरू होणार?’ सभांतून, निवेदनांतून, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांतून हा एकच प्रश्न. दुसरा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, आणि माझ्या मते लहान गावाच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न आहे. विमान सुरू झाल्यावर ते किती वर्षे येत राहील? आज आलेले विमान उद्याही येईल का?

हा प्रश्न मला सुचतो याचे कारण माझी जुनी नोकरी. मी बँकेत तीसहून अधिक वर्षे काढली. त्यातली सुरुवातीची काही ग्रामीण शाखांत गेली. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एक नियम केला: महानगरात किंवा बँका असलेल्या ठिकाणी एक शाखा काढायची असेल, तर बँक नसलेल्या ग्रामीण भागात चार काढल्या पाहिजेत. त्या नियमाच्या रेट्यात परभणी जिल्ह्यातल्या एका गावी आमची शाखा निघाली. पत्र्याची खोली, एक तिजोरी, तीन माणसे. पहिले काही महिने लोक बँक बघायला येत, खाते उघडायला नव्हे. एके दिवशी एक वयस्कर शेतकरी आले, बाकावर बसले, पाणी प्याले आणि मला म्हणाले, “साहेब, ही ब्यांक इथं राहणार का उठून जाणार?”

त्यांनी व्याजाचा दर विचारला नाही, कर्जाच्या अटी विचारल्या नाहीत. त्यांना फक्त आम्ही टिकणार का, हे हवे होते. पुढे त्या शाखेत ठेवी आल्या त्या आमच्या जाहिरातीमुळे आल्या नाहीत. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असले तरी दहाच्या ठोक्याला शाखेचे दार उघडते, हे गावाने दोन-तीन हंगाम पाहिले, तेव्हा आल्या. शाखा फायद्यात यायला त्याहूनही अधिक काळ गेला.

लहान गावाला जोडणाऱ्या विमानसेवेचे गणित मला असेच दिसते. फरक एवढाच की आपल्याकडे ते गणित अजून कोणी या पद्धतीने मांडलेले नाही.

आधी त्या विमानाविषयी थोडे. ‘पंख्याचे विमान’ म्हटले की आपल्याकडे नाक मुरडले जाते. जुने, खडखडणारे, गरिबाघरचे असा एक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. आज आपल्या लहान विमानतळांवर दिसणारे एटीआर हे फ्रान्स आणि इटली यांच्या भागीदारीतून बनलेले विमान. त्याचे इंजिन टर्बाइनचेच असते. त्या टर्बाइनची शक्ती पंखा फिरवण्याकडे वळवलेली असते, इतकेच. सत्तरच्या आसपास माणसे बसतात, धावपट्टी कमी लांबीची चालते. तीन-चारशे किलोमीटरच्या प्रवासात मोठे जेट विमान त्याच्यापेक्षा फार तर दहा-पंधरा मिनिटे आधी पोचते, पण इंधन बरेच जास्त पिते. याहून लहान हवे असेल तर एकोणीस आसनांची विमाने आहेत. हा एकोणीसचा आकडा उगाच ठरलेला नाही. त्याच्या वर गेले की विमानात सेवक कर्मचारी ठेवावा लागतो आणि खर्चाची पायरी बदलते. यांपैकी डॉर्निअर २२८ तर आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कानपूरच्या कारखान्यात बनते. १२ एप्रिल २०२२ रोजी दिब्रुगडहून अरुणाचलातील पासीघाटला सतरा आसनांचे असे देशी बनावटीचे डॉर्निअर प्रवासी घेऊन गेले. तेव्हा यंत्राची उणीव आपल्याकडे नाही.

मग उणीव कशाची आहे? थोडा इतिहास पाहू. २० जानेवारी १९८१ रोजी इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया यांनी मिळून ‘वायुदूत’ स्थापन केली. मूळ हेतू ईशान्य भारतातील दुर्गम ठिकाणे जोडण्याचा. तो हेतू रास्तच होता. पण एकदा विमान उपलब्ध आहे म्हटल्यावर प्रत्येक प्रांताला ते हवेसे झाले आणि गावांची यादी फुगत गेली. यादी वाढली त्या मानाने विमाने, वैमानिक, दुरुस्तीची सोय वाढली नाही. तोटा साचत गेला. १९८८ च्या ऑक्टोबरात गुवाहाटीजवळ वायुदूतचे फोकर पडले आणि चौतीस माणसे गेली. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्निअर आपल्या उजनीच्या जलाशयात कोसळले. १९९३ साली ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. ज्या गावांना विमानाची सवय लागू लागली होती, ती पुन्हा एसटीच्या थांब्यावर येऊन उभी राहिली.

त्यानंतर १ मार्च १९९४ पासून सरकारने खासगी कंपन्यांना एक अट घातली. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या मार्गांवर जेवढी क्षमता वापराल, तिच्या किमान दहा टक्के ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप इकडे वापरलीच पाहिजे. बँकवाल्याला हे ओळखीचे वाटेल. अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जाचीच ही हवेतली आवृत्ती. या अटीने सीमेवरच्या प्रदेशांची सोय झाली, पण लातूर, जळगाव, अमरावती असल्या मधल्या गावांना तिचा उपयोग नव्हता. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने हुबळी-बंगळूर असे पहिले उड्डाण एटीआरनेच केले आणि स्वस्त तिकिटाची हवा देशभर पसरली. पुढे ती कंपनी किंगफिशरच्या पोटात गेली, आणि २०१२ साली किंगफिशरही जमिनीवर आली.

ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ‘उडान’ योजना आणली. २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली विमानाने तिचा आरंभ झाला आणि त्याच दिवशी आपले नांदेड हैदराबादशी जोडले गेले. योजनेची कल्पना चांगली आहे, हे मी मोकळेपणाने म्हणेन. तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला अडीच हजार रुपयांची कमाल मर्यादा. निम्म्याच्या आसपास आसने या दराने. आणि कंपनीला जी तूट येईल ती सरकार भरून देणार. या तुटीसाठीचा पैसा मोठ्या मार्गांवरील उड्डाणांवर आकार बसवून उभा करायचा आणि काही वाटा राज्याने द्यायचा. म्हणजे मुंबई-दिल्ली जाणारा प्रवासी नकळत नांदेडच्या प्रवाशाला हात देतो. पुणे-मुंबईच्या गाड्यांच्या उत्पन्नावर आडगावची एसटी चालते, तसेच हे.

पण अनुदान तीन वर्षांचे आणि मार्गाचा एकाधिकारही तीन वर्षांचाच. तीन वर्षांत मार्ग आपल्या पायावर उभा राहील, असे गृहीत धरले गेले. काय झाले? भारताच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे कॅगने, २०२३ साली या योजनेचा अहवाल दिला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले होते. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. उरलेल्या ३७१ पैकी तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पूर्ण केली. आणि मुदत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिलेले मार्ग होते ५४. ७७४ कर्जखात्यांपैकी ५४ जिवंत, असा तक्ता घेऊन मी कधी विभागीय कार्यालयात गेलो असतो, तर साहेबांनी मला चहासुद्धा विचारला नसता.

आकडे दूरचे वाटत असतील तर आपल्या आसपास पाहावे. नांदेडला विमान घेऊन आलेल्या ट्रूजेटची सेवा २०२२ च्या फेब्रुवारीत बंद झाली. डिसेंबर २०१७ मध्ये नव्या अवतारातील एअर डेक्कनने अठरा-एकोणीस आसनांच्या बीचक्राफ्ट विमानांनी जळगाव, नाशिक, कोल्हापूर जोडायला घेतले. २०२० च्या एप्रिलमध्ये तीही थांबली. चिपीच्या सिंधुदुर्ग विमानतळाचे ९ ऑक्टोबर २०२१ रोजी थाटात उद्घाटन झाले, मुंबईचे एटीआर येऊ लागले. तीन वर्षे भरली आणि ते विमान बंद झाले. मधल्या काळात, जानेवारी २०२३ मध्ये, शेजारी मोपाचा मोठा विमानतळ सुरू झाला होता. कोकणातल्या माणसाने काय करावे? त्याने मोपाची वाट धरली.

प्रत्येक वेळी कारणे वेगळी सांगितली जातात आणि ती खरीही असतात. करोना आला, इंधन महागले, वैमानिक मोठ्या कंपन्यांनी पळवले. पण मुळाशी एक समान गोष्ट आहे. कंपनीकडे दोन किंवा तीन विमाने असतात. त्यांतले एक दुरुस्तीला गेले की निम्मे वेळापत्रक कोसळते. एकच रोखपाल असलेल्या शाखेत तो आजारी पडला की काय होते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे समजावून सांगायला नको. त्यात लहान विमानतळांवर काचेची देखणी इमारत असते, पण धुक्यात किंवा पावसात विमान खाली आणणारी उपकरणे अनेक ठिकाणी नसतात, रात्री उतरण्याचे दिवे नसतात. पाच किलोमीटरपर्यंत नजर पोचत नसेल तर अशा ठिकाणी विमान उतरवता येत नाही. आणि शेवटी मुंबई. तिथल्या धावपट्टीवर सत्तर आसनांचे विमान तेवढाच वेळ अडवते जेवढा एकशे ऐंशी आसनांचे. मग लहान गावाच्या वाट्याला येतात त्या अडनिड्या वेळा. दुपारी अडीचला मुंबईत पोचून कोर्टाचे, मंत्रालयाचे की दवाखान्याचे काम व्हायचे?

दोन वर्षांपूर्वी एका साहित्यिक कार्यक्रमाच्या निमित्ताने मी एका जिल्ह्याच्या गावी गेलो होतो. परतीचे विमान सकाळी रद्द झाल्याचा निरोप मोबाइलवर आला. कंपनीचे नाव सांगत नाही. दुसरी असती तरी वेगळे घडले नसते. विमानतळावर एक बाई भेटल्या. वडिलांना उपचारासाठी मुंबईला न्यायचे होते, दवाखान्याची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची होती. त्या रागावल्या नव्हत्या. शांतपणे म्हणाल्या, “यापुढे रेल्वेचंच तिकीट काढीन. ती निदान उशिरा तरी येते.” त्या बाईंचे तिकिटाचे पैसे परत मिळाले असतील. पण त्या मार्गाने एक प्रवासी कायमचा गमावला, आणि ही नोंद कुठल्याही ताळेबंदात येत नाही.

जगात हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असा दोन मिनिटांहून कमी वेळाचा विमानप्रवास आहे. पापा वेस्ट्रेची वस्ती शंभराच्या आत. आठ-नऊ माणसांचे पंख्याचे विमान १९६७ पासून तिथे ये-जा करते आहे. त्यातून शिक्षक जातात, आरोग्य कर्मचारी जातात. नॉर्वेने १९६८ पासून डोंगरदऱ्यांत आणि समुद्रकाठी आठशे मीटरच्या आखूड धावपट्ट्या बांधल्या. तिथे सरकार मार्गाची निविदा काढते, दिवसाला किती फेऱ्या, किती आसने, जास्तीत जास्त किती भाडे, हे आधी ठरवून. कंत्राटाची मुदत संपली की कंपनी बदलू शकते, पण मार्ग बंद होत नाही. अमेरिकेसारख्या बाजारपेठेच्या भक्तानेही १९७८ साली विमानभाड्यांवरची बंधने उठवताना लहान गावांसाठी किमान सेवेची हमी ठेवली. दहा वर्षांसाठी म्हणून आणलेली ती योजना अजून चालू आहे.

नॉर्वे श्रीमंत आहे, हे मला ठाऊक आहे. पण मला त्यांचा पैसा घ्यायचा नाही, त्यांच्या कराराची भाषा घ्यायची आहे. तिथे मार्ग जनतेचा असतो आणि कंपनी तो चालवायला घेते. आपल्याकडे मार्ग कंपनीचा असतो आणि गाव तिच्या मर्जीवर. ही रीत आपल्याला परकी आहे असेही नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एसटी धावली, तेव्हापासून मराठी माणसाला ‘वस्तीची गाडी’ ठाऊक आहे. रात्री गावात मुक्काम करून पहाटे निघणारी ती गाडी फायद्याची नसते. पण ती आहे, म्हणून मुले तालुक्याच्या कॉलेजात जाऊ शकतात.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो मी हलका मानत नाही. विमानात बसणाऱ्याला मदत कशासाठी? त्याच पैशात किती एसट्या येतील, किती आरोग्यकेंद्रांत डॉक्टर येतील? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच प्रत्येक जिल्ह्याला विमान या घोषणेला माझा विरोध आहे. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूरहून मुंबईला वंदे भारत जाते. जिथे रेल्वे दिवसाउजेडी पोचवते, तिथे विमानाला सार्वजनिक पैसा देण्याचे कारण शोधावेच लागेल. उलट अमरावती पाहा. मुंबईला जायचे तर रात्र रेल्वेत काढायची. १६ एप्रिल २०२५ रोजी तिथे पहिले एटीआर उतरले. अशा ठिकाणची सेवा ही चैन नाही. तज्ज्ञ डॉक्टर सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो का, उद्योजक कारखान्याची जागा बघायला एका दिवसात येऊन जाऊ शकतो का, यावर त्या गावात काय राहील आणि काय उठून जाईल हे ठरते. म्हणजे विमानात न बसणाऱ्यालाही त्याचा लाभ पोचतो, पण केव्हा? विमान भरवशाचे असेल तेव्हा. आठवड्यातून तीनदा, तेही आले तर आले, अशा विमानावर कोणी डॉक्टर आपले वेळापत्रक बांधत नाही.

२०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुधारित उडान योजनेची घोषणा झाली: येत्या दहा वर्षांत १२० नवी ठिकाणे आणि चार कोटी प्रवासी. ‘नवी ठिकाणे’ हे शब्द वाचून मला वायुदूतची फुगलेली यादी आठवली. माझे म्हणणे असे की, नवी ठिकाणे निम्मी करा आणि मुदत तिप्पट करा. करार दहा वर्षांचे हवेत. पैसा रिकाम्या आसनांसाठी न देता वेळेवर झालेल्या फेऱ्यांसाठी द्यावा. फेरी रद्द झाली तर अनुदान नाही आणि वर दंड. दोन-तीन कंपन्यांत मिळून का होईना, एक राखीव विमान ठेवण्याची अट घालावी. इमारतीच्या आधी दिवे आणि उपकरणे यावीत. नवी मुंबईच्या विमानतळाचे ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झाले आहे. तिथल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या काही वेळा महाराष्ट्रातील लहान गावांसाठी आत्ताच राखून ठेवाव्यात. मोठ्या कंपन्या एकदा तिथे बसल्या की त्यांना उठवणे कोणाच्याही हातचे राहणार नाही.

आणखी एक साधी गोष्ट, जिला खर्च जवळजवळ नाही. प्रत्येक अनुदानित मार्गावर दर महिन्याला किती फेऱ्या ठरल्या होत्या, किती झाल्या, किती वेळेवर झाल्या, हा तक्ता त्या गावच्या जिल्हाधिकारी कार्यालयात लावावा आणि स्थानिक वर्तमानपत्रांनी तो छापावा. पैसा लोकांचा आहे, तेव्हा हिशेब पाहण्याचा हक्कही त्यांचा आहे. उद्घाटनाच्या फिती कापताना टाळ्या वाजवणाऱ्या लोकप्रतिनिधींना मग वर्षभराने त्या तक्त्यासमोर उभे करता येईल.

लहान गावे मागण्या करण्यात कमी पडत नाहीत. निवेदने देतात, उपोषणे करतात, प्रसंगी चिमण्याही पाडू देतात. आता त्यांनी मागणीतला एक शब्द बदलावा. ‘विमान सुरू करा’ असे म्हणण्याऐवजी ‘विमान चालू ठेवण्याचा करार दाखवा’ असे म्हणावे. त्या वयस्कर शेतकऱ्यांनी बँकेला विचारलेला प्रश्न विमानाला विचारायला काहीच हरकत नाही. याचे उत्तर लेखी मिळत नसेल, तर फीत कापायला जमलेल्या गर्दीत उभे राहण्याचे तरी आपल्याला काय कारण?